पडद्यावरचे कर्णबधिर आणि आमच्या घरातला एक

गोदाकाठची | रविवार, रात्री १०:४०

परवा घरी 'कोशिश' पुन्हा लावला होता. १९७२चा, गुलजार यांचा, संजीवकुमार आणि जया भादुरी असलेला. आई दर वेळी रडते तशी रडली. माझा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. तो जन्मापासून कर्णबधिर आहे, आता छत्तीस वर्षांचा. थोड्या वेळाने त्याने माझ्या खांद्यावर बोटं आपटली आणि खुणेने विचारलं, "तो आंधळा माणूस काय बोलतोय?"

ओम शिवपुरींचा नारायण बोलत होता. मी सांगायला घेतलं, तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेली. ती सांगेपर्यंत प्रसंगच बदलला. शेवटी सवयीने माझ्या हातून ती खूण झाली, जी आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यात जास्त वापरली गेली आहे: "नंतर सांगते." त्याने मान हलवली आणि मोबाइल काढून बसला.

कर्णबधिर जोडप्यावरचा आपल्याकडचा सगळ्यात नावाजलेला सिनेमा, आणि आमच्या घरात ज्याला तो सगळ्यात जवळचा वाटायला हवा, त्याला निम्मासुद्धा पोचला नाही. पडद्याखाली बोलण्याच्या ओळी (सबटायटल) नव्हत्या, एवढंच कारण. रात्रभर हे डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याबद्दल थोडं सांगते. आम्ही जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलो. माडीची जमीन लाकडी होती. भावाला हाक मारायची तर पाय आपटायचा, फळीतून धक्का त्याच्या तळपायाला जायचा आणि तो वळून बघायचा. आजी काठी आपटायची. कोणाची हाक आहे हे त्याला धक्क्यावरून कळायचं, आजीची काठी एकदाच आणि ठाम, माझे पाय तीन-चारदा. नंतर वाडा पाडायला काढला आणि आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. तिथे स्लॅब. कितीही पाय आपटा, काही पोचेना. पहिले दोन महिने तो सारखा दचकायचा, कारण लोक अचानक समोर येऊन उभे राहायचे. मग बाबांनी दाराच्या बेलला जोडून त्याच्या खोलीत एक लाल बल्ब लावला. हे असलं काही मी कुठल्याही हिंदी सिनेमात नीट पाहिलेलं नाही. आमच्या घरातलं त्याचं कर्णबधिरपण म्हणजे मुख्यतः ही फळी आणि तो बल्ब.

हिंदीत या विषयावर सिनेमे आहेत, आणि साधे नाहीत. 'खामोशी: द म्युझिकल' (१९९६) हा भन्साळींचा पहिलाच सिनेमा, गोव्यातलं कर्णबधिर जोडपं नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, आणि त्यांची गाणारी मुलगी मनीषा कोईराला. २००५ला एकाच वर्षी 'ब्लॅक' आणि 'इक्बाल'. २०१२ला 'बर्फी!'. मी सगळे पाहिलेत, काही दोनदा. मनापासून आवडलेही आहेत. पण एक गोष्ट टोचते. या कथांमध्ये रडू येतं ते कानासाठी. बाळाचं रडणं ऐकू येत नाही, मुलीचं गाणं ऐकू येत नाही. माझ्या भावाला गाणं ऐकू येत नाही याचं काडीचं दुःख नाही, त्याने ते कधी ऐकलंच नाही. त्याला लागतं ते वेगळं. दिवाळीला बारा माणसं जेवायला बसलेली असतात, मामा काहीतरी सांगतात, सगळे खो खो हसतात. तो माझ्याकडे बघतो. आणि मी म्हणते, नंतर सांगते. नंतर मी सांगते ते एका ओळीत, त्यात गंमत उरत नाही.

थिएटरचा अनुभवही लिहिते. काही वर्षांपूर्वी नाशकातल्याच एका थिएटरमध्ये आम्ही दोघं गेलो होतो. अंधारात माझे हात दिसत नव्हते म्हणून मी मोबाइलचा उजेड मांडीवर खाली धरून खुणा करत होते. मागच्या माणसाने तक्रार केली. कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं, लाइट बंद करा नाहीतर बाहेर बसा. मी समजावून सांगितलं, तरी तेच. मध्यंतराला आम्ही निघालो. कॉलेज रोडला वडापाव खाताना तो म्हणाला, पुढच्या वेळी इंग्रजी पिक्चर बघू, त्याला खाली लिहिलेलं असतं. त्याचं इंग्रजी आयटीआयपुरतं आहे. तरी हिंदीपेक्षा त्याला इंग्रजी सिनेमा जवळचा वाटतो, कारण तिथे निदान काहीतरी वाचता येतं.

तुमचे अनुभव लिहा. कोणाच्या घरात, नात्यात कर्णबधिर कोणी असेल तर जरूर लिहा. सिनेमे आवडणाऱ्यांनी माझं चुकतंय असं वाटलं तर तेही लिहा.

---

जुना_प्रेक्षक | रविवार, रात्री ११:३२

ताई, लेख वाचून गलबललो. पण 'कोशिश'च्या बाजूने दोन शब्द बोलू द्या.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. तेव्हा पडद्यावर बहिरा माणूस म्हणजे हमखास हशा. एकजण विचारणार "कुठे निघालात?" आणि दुसरा सांगणार "वांगी चार आणे". त्या काळात कर्णबधिर नवरा-बायकोला नायक-नायिका करणं, त्यांचं लग्न, भांडण, नोकरी, म्हातारपण दाखवणं ही छोटी गोष्ट नव्हती. मूळ कल्पना एका जपानी सिनेमावरून आली, हे खरं आहे. पण संजीवकुमारला अभिनयाचा आणि गुलजारांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार उगाच मिळाला नाही.

खुळखुळ्याचा प्रसंग आठवा. पहिलं मूल गेलेलं. दुसरं झाल्यावर दोघंही धास्तावलेली, याला तरी ऐकू येतं का? खुळखुळा वाजवतात, बाळ बघत नाही. दोघांचा जीव जातो. आणि मग कळतं की खुळखुळाच वाजत नव्हता. तो वाजतो की नाही हे त्या दोघांना कळणारच कसं? यात कानाचं रडगाणं नाही. कर्णबधिर आईबापांच्या आतून पाहिलेला प्रसंग आहे हा. एवढी एक जागा तरी तुम्ही गुलजारांना द्या.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री ११:५०

काका, दिली. खुळखुळ्याचा प्रसंग भावालाही आवडतो, आणि गंमत म्हणजे तो एक प्रसंग त्याला कुणी सांगावा लागला नाही. तिथे सगळं हातात आणि चेहऱ्यावर आहे. माझी तक्रार बाकीच्या सिनेमाच्या खाली ओळी नाहीत याबद्दल जास्त आहे, गुलजारांबद्दल कमी.

पण पहिल्या बाळाच्या मृत्यूबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. पावसात बाळ रांगत बाहेर जातं आणि आईबापांना रडणं ऐकू येत नाही. हा प्रसंग पाहून आमच्या एका नातेवाइकाने भावासाठी आलेलं कर्णबधिर मुलीचं स्थळ परत पाठवा असं सुचवलं होतं. "सिनेमात बघितलं ना काय झालं ते?" असं म्हणाले. एका सिनेमाचं वजन एवढं असतं.

---

सिडको_चौथी_स्कीम | सोमवार, सकाळी ७:१५

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर कर्णबधिर जोडपं राहायचं. दोन्ही मुलं ऐकणारी. मुलं तान्ही असताना ती बाई रात्री साडीच्या काठाची एक पट्टी बाळाच्या पायाला सैल बांधायची आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. बाळ हललं की ती उठलीच. आम्ही वर राहणारे ऐकणारे, आमचं पोर रडून रडून निळं व्हायचं तेव्हा कुठे आम्हाला जाग यायची. त्यांच्या घरात दार उघडं राहिलंय आणि कोणाला पत्ता नाही, असं कधी झालं नाही. नजर सारखी फिरती असायची त्यांची.

त्यांचा थोरला आता इंजिनिअर आहे. लहानपणी बँकेत, दवाखान्यात, लाइट बिलाच्या रांगेत तोच आईबापांच्या वतीने बोलायचा. सात वर्षांचं पोर डॉक्टरांचं बोलणं आईला हातांनी सांगतंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'खामोशी'तली मुलगी अ‍ॅनी मला म्हणूनच खरी वाटली.

---

खडू_फळा | सोमवार, दुपारी ४:०५

बावीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवते आहे, जिल्ह्यातल्याच शाळेत. नाशकात या कामाची परंपरा आहे, माई लेले श्रवण विकास विद्यालय, पडसाद ही नावं इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतील. माझी शाळा कोणती ते लिहीत नाही, मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.

सिनेमाने पसरवलेला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "त्यांना ओठ वाचता येतात, म्हणजे सगळं कळतं". कृपा करून आत्ता आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. तिन्ही एकसारखे दिसतील. क, ख, ग, घ तर आत घशाशी होतात, ओठांवर त्यांचा मागमूसही नसतो. बोलणाऱ्याला मिशा असतील, तोंडात पान असेल, पाठीमागून उजेड येत असेल, तर उरलंसुरलंही गेलं. २०२०मध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा माझी मोठी मुलं, म्हणजे माजी विद्यार्थी, अक्षरशः एकटी पडली होती. दुकानात समोरचा बोलतोय की नाही हेच कळेना.

बोलायला शिकवतो ते कसं, तेही सांगते. 'प' म्हणताना तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी हलते. 'ब'ला गळ्यावर ठेवलेला हात थरथरतो. 'म'ला नाकावरचं बोट. मूल एक हात माझ्या गळ्यावर आणि एक स्वतःच्या गळ्यावर ठेवून तासन्तास हे करतं. 'आई' हा शब्द त्यातल्या त्यात सोपा, कारण दोन्ही स्वर, तोंड उघडं आणि मग ओठ फाकलेले. एक मूल 'आई' म्हणायला लागलं की स्टाफरूममध्ये पेढे येतात. मी या कामाला कमी लेखत नाही.

पण यासाठी आम्ही हात थांबवले, ही चूक झाली. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून सांकेतिक भाषा काढून फक्त बोलणं शिकवायचं असं ठरलं. त्याचे पडसाद जगभर, आपल्याकडेही, पुढची शंभर वर्षं राहिले. २०१०ला व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. मी नोकरीला लागले तेव्हा मुलांना हात मागे बांधून बसायला सांगायची पद्धत होती. मीही सांगितलं आहे. मुलं माझी पाठ वळली की बाकाखाली हातांनी बोलायची आणि मी त्यांना रागवायचे. ती मुलं आज भेटली की मी त्यांची माफी मागते.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हिंदी-मराठीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिचं व्याकरण वेगळं. 'तू कुठे राहतोस?' हे 'तू, राहणं, कुठे' असं होतं, प्रश्नाचा शब्द शेवटी. भुवया वर गेल्या की 'हो का नाही' असा प्रश्न. म्हणजे चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. आता सिनेमातला नट बघा. हात शिकून घेतलेले असतात, पण चेहरा डोळ्यांत पाणी आणण्याच्या कामाला लावलेला असतो. माझ्या मुलांना ते वाक्य निम्मंच लागतं. आपल्याला कोणी काना-मात्रा-वेलांट्या सोडून लिहिलेलं वाचायला दिलं तर जसं होईल तसं.

दिल्लीत २०१५ला सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, त्यांच्या कोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द आले. मोबाइलवर पाहता येतो. ज्यांना घरच्यांसाठी शिकायचं आहे त्यांनी तिथून सुरुवात करा.

अवांतर: 'मुका' म्हणू नका. गळा शाबूत असतो. ऐकू न आल्याने बोलणं शिकता येत नाही, एवढंच असतं ते. 'मूकबधिर' ऐवजी 'कर्णबधिर' आम्ही त्यासाठीच म्हणतो.

---

मिलिंग_सेकंड_शिफ्ट | सोमवार, रात्री ११:४८

शिफ्ट संपवून आलो आणि धागा वाचला. गोदाकाठची ताईंचा भाऊ आमच्याच कंपनीत आहे अशी मला दाट शंका आहे, पण नाव घेत नाही. आमच्याकडे एक कर्णबधिर सीएनसी (संगणकावर चालणारं कापकामाचं मशीन) ऑपरेटर आहे, बारा-तेरा वर्षं झाली.

शॉपमध्ये मशीन चालू असताना कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. आम्ही ओरडतो आणि पुन्हा ओरडतो. तो आला आणि हळूहळू सगळी लाइन त्याच्याकडून खुणा शिकली. टूल बदलायचंय, जॉब (म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा) नीट बसला नाही, कूलंट कमी आहे, साहेब येतोय, चहा. आता तो सुट्टीवर असला तरी आम्ही तसंच बोलतो. मशीनच्या दिव्यावर त्याची नजर सगळ्यांच्या आधी जाते. आणि पत्र्यावर तळहात ठेवून तो सांगतो की टूल गेलंय. आम्ही आवाजावरून ओळखतो त्याच्या दोन जॉब आधी तो हातावरून ओळखतो.

सिनेमात असा माणूस दाखवा ना कोणीतरी. कामात पक्का, पगार घेणारा, ओव्हरटाइमसाठी भांडणारा.

---

चिऊची_आई | मंगळवार, सकाळी ११:२०

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कृपया समजून घ्या.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. जन्मतः कर्णबधिर. तीन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं. दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणाऱ्या सरकारच्या एडीप योजनेतून मदत मिळाली, त्याला वयाची अट असते, म्हणून आमची किती धावपळ झाली ते आम्हालाच माहीत. ऑपरेशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं असं नसतं. आधी मशीन चालू करतात, मग ते पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं, मग रोजची थेरपी. कुकरची शिट्टी झाली की मी तिला कानाकडे बोट दाखवून विचारायचे, आलं? असं दोन वर्षं. पहिल्यांदा तिने स्वतः कानाकडे बोट नेलं तेव्हा मी ओट्याशी खाली बसून रडले.

म्हणून "कानासाठी कशाला रडायचं" हे वाचून मला लागलं. निदान झालं त्या आठवड्यात मी 'ब्लॅक' पाहिला होता. त्यातल्या मुलीला ना दिसतं ना ऐकू येतं, आणि तरी शिक्षक तिचा हात सोडत नाही. सिनेमा खूप भडक आहे असं लोक म्हणतात. असेल. मला त्या आठवड्यात तो हवा होता.

पण खडू_फळा ताईंचं वाचून एक कबूल करते. आंघोळीच्या वेळी आणि रात्री झोपताना मशीन काढून ठेवतो. तेव्हा चिऊला काहीही ऐकू येत नाही. अंधारात ती घाबरते आणि माझ्याकडे तिला सांगायला काहीच नसतं. आम्हाला खुणा अजिबात शिकवू नका, बोलणं मागे पडेल, असं सांगण्यात आलं होतं. ताई, आता शिकवलं तर खरंच बोलणं मागे पडेल का?

---

खडू_फळा | मंगळवार, दुपारी १:४०

चिऊची आई, नाही पडणार. माझ्या वर्गात इम्प्लांट असलेली मुलं आहेत, दोन्ही करतात. भाषा कुठूनही आत गेली तरी ती भाषाच. आज रात्री फक्त तीन खुणांपासून सुरुवात करा: आई इथे आहे, झोप, सकाळी मशीन लावू. खोलीत छोटा दिवा ठेवा, हात दिसायला हवेत. तुमच्या थेरपिस्टशी जरूर बोला आणि थेरपी सोडू नका. बाकी मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात लिहिते.

---

त्र्यंबकरोड | मंगळवार, रात्री ९:१०

एक वेगळीच बाजू सुचली. आपल्या गावाचा माणूस दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७०चा जन्म, १९१३ला 'राजा हरिश्चंद्र', आणि त्यानंतर मुक्काम नाशिक. आपल्याच गावात त्यांनी एकामागून एक मूकपट काढले.

त्या मूकपटांत बोलणं पाट्यांवर लिहून यायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवायचा. म्हणजे त्या अंधारात वाचता येणारा कर्णबधिर माणूस अडाणी पण ऐकणाऱ्या माणसाच्या पुढे होता! चॅप्लिनने तर ग्रॅनव्हिल रेडमंड या कर्णबधिर चित्रकाराला आपल्या सिनेमांत घेतलं होतं. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला. आपल्यासाठी तो आनंदाचा दिवस. त्या दिवसापासून कर्णबधिर प्रेक्षकाच्या समोरची पाटी मात्र काढून घेतली गेली, आणि ती अजून नीट परत आलेली नाही.

फाळके स्मारकात, पांडवलेण्याच्या पायथ्याशी, मी अनेकदा गेलोय. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

नाट्यवेडा_नाशिक | बुधवार, सकाळी ८:३०

'कर्णबधिरांच्या भूमिका कर्णबधिर नटांनीच कराव्यात का?' हा मुद्दा कोणी काढला नाही अजून. अमेरिकेत मार्ली मॅटलिन या कर्णबधिर अभिनेत्रीला १९८७ला ऑस्कर मिळालं, वय एकवीस. २०२२ला 'कोडा' या सिनेमासाठी ट्रॉय कॉटसर या कर्णबधिर नटाला. आपल्याकडे मात्र संजीवकुमारपासून रणबीर कपूरपर्यंत सगळे ऐकणारे.

त्याच वेळी दक्षिणेतल्या अभिनया या अभिनेत्रीकडे बघा. ती स्वतः ऐकू-बोलू शकत नाही, २००९च्या 'नाडोडिगळ' या तमिळ सिनेमापासून काम करते, आणि बोलणाऱ्या बायकांच्या भूमिका करते. ओठ बरोबर हलवते, आवाज दुसऱ्याचा. किती मेहनत असेल ती! म्हणजे नट मिळत नाहीत हे कारण टिकत नाही.

तरीही मला श्रेयस तळपदेचा इक्बाल दुसऱ्या कुणात दिसत नाही. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. चिऊच्या आई, तुम्हाला लागलं याबद्दल मनापासून क्षमा. माझ्या भावाने कधी ऐकलंच नाही, तुमच्या चिऊला ऐकू येऊ लागलंय, दोन वाटा वेगळ्या आहेत आणि मी एकीच्या मापाने दुसरीला मोजलं.

(मिलिंग_सेकंड_शिफ्ट: होय, तोच. त्याने तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला.)

भावाला पूर्ण धागा वाचायला दिला. त्याने उत्तर मोबाइलवर लिहिलं आहे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, वाक्यं त्याची आहेत:

"मी वाचलं सगळं. दोन दिवस लागले. छान वाटलं.

इक्बाल मला आवडतो. तो बॉलिंग करतो. म्हशींना क्रिकेटरची नावं देतो. बहीण त्याच्यासाठी बोलते, माझी ताई पण. शेवटी कपिल देव येतो. मला कोणी सांगितलं नाही, मला कळलं.

खामोशी मध्ये नाना रागावतो ते मला कळतं. घरात सगळे गाणं ऐकतात आणि आपण बाहेर. गाण्याचा राग नाही. बाहेर असल्याचा राग.

बर्फी हसतो फार. मी एवढा हसत नाही. कंपनीत काम असतं.

एक चूक सगळ्या पिक्चरमध्ये. माणूस हातांनी बोलतो, मग कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. डोळे मोठे दिसतात. हात बाहेर जातात. तेव्हा मला ऐकू येणं बंद होतं. तुमच्या पिक्चरमध्ये हिरो बोलताना मध्येच आवाज बंद केला तर तुम्ही ओरडाल. आम्ही ओरडत नाही.

गणपतीला नाशिक ढोल. मी पुढे उभा राहतो. छातीत लागतो. लोक म्हणतात अरे याला ऐकू येतं. ऐकू येत नाही. लागतो. वेगळं आहे.

ताई म्हणते नंतर सांगते. मी पण आता तिला म्हणतो. मित्र आले की आम्ही हातांनी बोलतो जोरात, सात-आठ जण, ताईला कळत नाही, ती विचारते काय. मी म्हणतो नंतर सांगतो. ती चिडते."

हे शेवटचं खरं आहे. त्याचे मित्र जमले की त्यांचा वेग एवढा असतो की मला शब्दच सुटे करता येत नाहीत. छत्तीस वर्षं मी स्वतःला त्याची भाषा येते असं समजत होते. मला येते ती आमच्या घराची, वाड्यातली, चाळीसेक खुणांची. माझं नाव म्हणजे खांद्यावरून खाली ओढलेली वेणी. ती वेणी मी दहावीत कापली, नाव तेच राहिलं. त्याच्या मित्रांची भाषा मात्र मी कधी शिकलेच नाही. सोमवारपासून तो मला रोज दहा शब्द शिकवतोय.

---

जुना_प्रेक्षक | गुरुवार, सकाळी ६:५०

भावाचं वाचून झोप लागली नाही. ताई, मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे आणि मराठी टायपिंग येतं. 'कोशिश'चं सगळं बोलणं ऐकून मराठीत उतरवून काढू का? घरी बघताना खाली चालवता येईल असं नातू म्हणतो.

---

खडू_फळा | गुरुवार, सकाळी ९:१५

काका, जरूर. थोडं सांगून ठेवते. एका वेळी दोनच ओळी, आणि वाचायला पुरेसा वेळ राहील इतक्या वेळ त्या पडद्यावर. कोण बोलतंय ते चेहरा दिसत नसेल तर नाव लिहा. आवाजही लिहायचे: दार आपटलं, गाडी थांबली, मागे कोणी हसलं. मुलांसाठी शब्द सोपे ठेवा, पण अर्थ कापू नका. "थोडक्यात" लिहायचा मोह होतो. ते म्हणजे पुन्हा 'नंतर सांगते'च.

आणि हे सगळं आपण घरी करतोय म्हणून थिएटरवाल्यांना सोडायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृक्श्राव्य माध्यमांसाठी सांकेतिक भाषा आणि ओळी द्यायचं स्पष्ट म्हटलं आहे, आणि मार्च २०२४मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या सिनेमांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. तिकीट काढताना दर वेळी विचारा, ओळी असलेला खेळ कधी आहे? विचारणारे वाढले पाहिजेत.

---

जुना_प्रेक्षक | रविवार, सकाळी ७:०५

पहिल्या चाळीस मिनिटांच्या ओळी झाल्या. नारायणचं बोलणं आधी केलं. एका ठिकाणी अडलो आहे. पावसाच्या रात्रीचा प्रसंग. तिथे बोलणं नाहीच. नुसतं "पाऊस" लिहू? की रिमझिम, धो धो, असं काही? आणि बाळाचं रडणं लिहायचं का? भावाला विचारून सांगा.

---

गोदाकाठची | रविवार, दुपारी १२:३०

विचारलं. बराच वेळ विचार करत होता. म्हणाला, पाऊस दिसतो, लिहू नका. रडणं लिहा. ते आईला माहीत नाही, बापाला माहीत नाही, मला माहीत पाहिजे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बघू या. त्याचे सात मित्र येणार आहेत, दोघं बायका-मुलांसह. चिऊच्या आई, चिऊला आणा. खुर्च्या पंचवीस आहेत, जास्त जण असतील तर सतरंजी टाकू. पडद्याच्या बाजूला एक दिवा चालू राहील, हात दिसावेत म्हणून. येणाऱ्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा, पत्ता पाठवते.